किलोमागे सोनं



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ७, श्लोक १६.

कालच्या पोस्टवर एका ताईंनी विचारलं होतं, "दादा, काहीतरी मिळावं म्हणून केलेली भक्ती ही भक्ती असते का?" उत्तर आजच्या श्लोकात आहे, म्हणून काल मुद्दाम थांबलो. भगवंत म्हणतात, माझ्याकडे चार प्रकारची पुण्यवान माणसं येतात : दुःखात सापडलेला आर्त, जाणून घ्यायची ओढ असलेला जिज्ञासू, काहीतरी मिळवायचं असलेला अर्थार्थी, आणि ज्ञानी. बघा, अर्थार्थी या यादीत आहे. त्याला दारातून परत पाठवलेलं नाही.

हा श्लोक मी कितीदा तरी वाचला असेल. यावर्षी मात्र तो मला वजनकाट्यावर उभा राहून वाचावा लागला. माझ्या नाही, आईच्या वजनकाट्यावर.

आई लातूरला असते, मी नोकरीसाठी नांदेडला. वडील गेल्यापासून ती एकटीच आहे, खालच्या मजल्यावर आत्या राहते एवढाच आधार. आईला सात वर्षांपासून शुगर. वजन ८४ किलो, गुडघे बोलायला लागलेले. डॉक्टर दरवेळी एकच सांगायचे, वजन उतरवा. आणि मी दर रविवारी फोनवर तेच वाक्य पुन्हा म्हणायचो. ती म्हणायची, "हो रे बाबा, करायले की." म्हणजे काहीच करत नव्हती.

मग गुढीपाडव्याला घरी गेलो तेव्हा मला एक आयडिया सुचली. खरं तर सुचली नाही, आठवली. २०१३ साली दुबईत तिथल्या पालिकेने रमजानच्या महिन्यात एक योजना काढली होती : जेवढे किलो वजन कमी कराल तेवढे ग्रॅम सोनं. किमान दोन किलो तरी उतरायला हवं, ही अट. तेव्हा ती बातमी वाचून मी हसलो होतो. यावेळी म्हणलं, आपणही करू. माझ्या पगारात किलोला ग्रॅम बसत नव्हता, म्हणून दोन किलोमागे एक ग्रॅम. आईला सांगितलं. ती आधी हसली, मग म्हणाली, "खरंच देशील?" त्या 'खरंच'मध्ये जी चमक होती ती मी गेल्या सात वर्षांत एकाही डॉक्टरसमोर पाहिली नव्हती.

आता जरा माझ्याबद्दल कबुली देतो, कारण त्याशिवाय पुढचं लिहिणं खोटं होईल. पुण्यात असताना आमच्या कंपनीत एक फिटनेस चॅलेंज झालं होतं. प्रत्येकाने हजार रुपये भरायचे, बारा आठवडे, ज्याचं वजन टक्केवारीत जास्त उतरेल त्याला सगळी रक्कम. मी दुसरा आलो. पण शेवटच्या आठवड्यात काय केलं ते ऐका. आदल्या दिवशी दुपारपासून पाणी बंद. सकाळी केस कापून आलो. पातळ टी-शर्ट. बेल्ट काढून ठेवला. सहा महिन्यांत सगळं वजन परत आलं, वर दीड किलो व्याज. म्हणजे लालूच माणसाला काट्यासमोर कसं उभं करते हे मला स्वतःच्या अनुभवावरून ठाऊक होतं. तरीही मी आईला तेच दिलं. आपण स्वतःला ओळखतो, फक्त ती ओळख दुसऱ्यासाठी वापरत नाही.

पहिले दोन महिने छान गेले. आईने साखरेचा चहा सोडला, भात अर्ध्यावर आणला, संध्याकाळी कॉलनीच्या मैदानाला चकरा सुरू झाल्या. महिन्यातून दोनदा मी शनिवारी नांदेडहून लोहा-अहमदपूर करत एसटीने लातूर गाठायचो आणि रविवारी सकाळी मोजमाप. चार किलो उतरलं, दोन नाणी दिली. तिने ती देवघरात बाळकृष्णाच्या मागे ठेवली. मी खुश. ऑफिसात सांगत सुटलो की मोटिव्हेशन म्हणजे काय ते मला कळलंय.

तिसऱ्या महिन्यात काही गमती दिसायला लागल्या. काट्यावर चढायच्या आधी आई बांगड्या काढून ठेवायची. मग मंगळसूत्राच्या जागी घालते ती माळही. एकदा म्हणाली, "पायातलं जोडवं काढू का रे? निघत नाही म्हणून राहिलंय." आम्ही दोघं हसलो. मी ते व्हिडिओ करून बहिणीला पाठवलं. हसण्यासारखंच होतं ते, पण त्यात मला पुण्यातला माझा पातळ टी-शर्ट दिसायला हवा होता. दिसला नाही. तिसरं नाणं दिलं.

आषाढात आत्याचा फोन आला. "तुला माहीत आहे का, तुझी आई गंजगोलाईत चक्कर येऊन बसली होती?" मला काहीच माहीत नव्हतं. दोन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. शुक्रवारी रात्री जेवली नाही, शनिवारी सकाळी शुगरची गोळी घेतली आणि नुसता कोरा चहा घेऊन भाजीला गेली. बाजारात घाम फुटला, हात थरथरायला लागले, डोळ्यांपुढे अंधारी. एका भाजीवाल्या बाईने तिला खाली बसवलं, तोंडात गुळाचा खडा घातला. त्या बाईचं नावही आम्हाला माहीत नाही. त्या खड्यामुळे निभावलं.

मी रात्रीच निघालो. आईला विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "सांगितलं असतं तर तू बंदच केलं असतंस. अन् अर्धाच किलो राहिला होता."

चौथ्या नाण्याला अर्धा किलो. ते चौथं नाणं तिला स्वतःसाठी नको होतं. चार ग्रॅमात नातीचं कानातलं होतं असं सोनाराने सांगितलं होतं, हे नंतर आत्याकडून कळलं.

मंडळी, इथून पुढे मला खरा प्रश्न पडला. आणि तो वजनाचा नाही.

आधी डॉक्टरांचं सांगतो, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी शुगरची औषधं चालू असतील. डॉक्टर आईला नाही, मला रागावले. काही गोळ्या अशा असतात की त्या घेऊन उपाशी राहिलं तर साखर धोकादायक खाली जाते. एकादशी असो, नवरात्र असो की डाएट, औषधाचं वेळापत्रक डॉक्टरांना विचारूनच बदलायचं. एवढं पक्कं ध्यानात ठेवा, बाकी माझं चिंतन विसरलात तरी चालेल.

आता चिंतन. पैसे देऊन माणसाला चांगल्या मार्गाला लावणं हे योग्य की अयोग्य? पहिली प्रतिक्रिया आपली सगळ्यांची एकच : छे, ही लाच झाली. दुसऱ्या अध्यायातल्या सत्तेचाळिसाव्या श्लोकाचं पोस्टर आपल्या सगळ्यांच्या भिंतीवर आहे. फळाकडे बघू नका. पण मग आजचा श्लोक? तोच कृष्ण अर्थार्थ्याला पुण्यवान म्हणतोय. अठराव्या श्लोकात तर चौघांनाही 'उदार' म्हणतो. आणि आपण तरी काय करतो? लातूर पॅटर्नच्या क्लासच्या बाहेर जा, पहिल्या नंबराला बक्षीस, दुसऱ्याला फी माफ. नीटच्या आधी सिद्धेश्वराला नवस. "पास कर, अकरा नारळ फोडीन." आपण देवालाच इन्सेंटिव्ह देतो, आणि आईला सोनं दिलं तर लाच म्हणायचं?

जगात यावर रीतसर अभ्यासही झालाय. २००८ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. ५७ जाड माणसं, १६ आठवडे, आठवड्याला एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोच्या आसपास उतरवायचं लक्ष्य. काहींना नुसतं मार्गदर्शन आणि महिन्याला वजन. काहींना रोजची लॉटरी, पण लक्ष्यावर असलात तरच बक्षीस हातात. आणि काहींनी स्वतःचे पैसे आधी लावायचे, तेवढीच भर संशोधक घालणार, पण वजन नाही उतरलं तर सगळं गेलं. निकाल काय आला? पैसेवाल्या दोन्ही गटांचं सरासरी वजन ६ किलोच्या आसपास उतरलं. नुसत्या मार्गदर्शनवाल्यांचं पावणेदोन किलो. म्हणजे पैसा चालतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण बक्षिसं थांबली आणि काही महिन्यांनी पुन्हा मोजलं, तेव्हा पैसेवाल्यांचं वजन बरंचसं परत चढलेलं होतं आणि गटागटांतला फरक ठामपणे सांगता येईल एवढा उरलाच नव्हता.

हे वाचलं आणि मला याच अध्यायातला तेविसावा श्लोक आठवला. कामनेच्या मागे लागून जे धावतात त्यांना फळ मिळतं, भगवंत नाही म्हणत नाहीत. उलट बाविसाव्या श्लोकात म्हणतात, ते फळही मीच ठरवून दिलेलं असतं. पण ते फळ अंत असलेलं. अन्तवत् हा शब्द आहे तिथे. सोळा आठवड्यांचं फळ सोळा आठवड्यांपुरतं. यात शाप नाही, शिक्षा नाही, नुसता हिशेब आहे. जे मागितलं ते मिळालं. आई सोनं मिळवायला निघाली होती, सोनं मिळालं. मी माझ्या पुण्यातल्या ऑफिसात दुसरा नंबर मिळवायला निघालो होतो, तो मिळाला. तब्येत मागितलीच कुणी नव्हती.

पण तेवढ्यावर प्रश्न सुटत नाही. कारण काही ठिकाणी पैसा लाच वाटत नाही. क्षयरोगाच्या पेशंटला सरकार २०१८ पासून पोषणासाठी महिन्याला ५०० रुपये थेट खात्यात देतं, २०२४च्या नोव्हेंबरपासून ते १००० झाले. निक्षय पोषण योजना. औषधं सहा सहा महिने चालतात, माणूस मध्येच सोडतो, म्हणून हा आधार. याला कोणी लाच म्हणेल का? उपाशीपोटी औषध पचत नाही, ते पैसे म्हणजे जेवण आहे. आमच्या नांदेडच्या घरी स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना मी एकदा म्हणलं, मावशी, तुम्हीपण रोज तासभर चाला. त्या म्हणाल्या, "दादा, त्या तासाला माझं एक घर आहे." एक घर म्हणजे एका घरचा स्वयंपाक, म्हणजे महिन्याचे दोन हजार. त्यांना कोणी चालायचे पैसे दिले तर ती लाच नव्हे, ती बुडालेली मजुरी आहे. आपण फ्लॅटमध्ये बसून निष्काम कर्माच्या गप्पा मारतो तेव्हा हे विसरू नये. निष्काम व्हायलाही आधी पोटाची सोय लागते.

आपल्याकडचंच एक मजेशीर उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्या नागपूरच्या नितीन गडकरींनी उज्जैनच्या जाहीर कार्यक्रमात तिथले खासदार अनिल फिरोजिया यांना भर स्टेजवर सांगितलं, वजन कमी करा, किलोमागे हजार कोटी तुमच्या मतदारसंघाच्या विकासाला. आपलंही वजन एकेकाळी १३५ किलो होतं हेही सांगितलं. जूनपर्यंत खासदारांनी १५ किलो उतरवल्याच्या बातम्या आल्या. आता ही गंमत होती की घोषणा ते सोडा. पण मला त्यात एक गोष्ट वेगळी वाटली. पैसे त्या माणसाच्या खिशात जाणार नव्हते. घाम त्याचा, रस्ते उज्जैनचे. तिसऱ्या अध्यायात लोकसंग्रहाची गोष्ट येते, लोकांच्या भल्यासाठी करायचं काम, ते आठवलं. दुसऱ्या टोकाला आपलं पोलीस दल. वजन-उंचीच्या हिशेबात बसणाऱ्या पोलिसाला महिन्याला २५० रुपये तंदुरुस्ती भत्ता. २५० रुपये! बारा-बारा तास बंदोबस्ताला उभं राहणाऱ्या, वडापाव खाऊन दिवस काढणाऱ्या माणसाला तेवढ्यात कोण सांभाळणार. अर्थात, हे माझं मत.

त्याच वर्षी बंगळुरूच्या झेरोधा कंपनीने आधी जाहीर केलं की ज्यांचा बीएमआय २५च्या खाली असेल त्यांना अर्ध्या महिन्याचा पगार बोनस. लोक तुटून पडले. थायरॉईडवाल्याने काय करायचं, पीसीओडीवाल्या मुलीने काय करायचं? बीएमआय म्हणजे उंचीच्या तुलनेत वजन, त्यात मेहनत कुठे मोजली जाते? काही महिन्यांनी कंपनीचं नवं चॅलेंज आलं : रोजचं हालचालीचं लक्ष्य ठरवा, वर्षभरात ९० टक्के दिवस ते पूर्ण करा, एक महिन्याचा पगार घ्या. मला हे वाचून खरंच गंमत वाटली, कारण हे म्हणजे फळावरून उठून कर्मावर येऊन बसणं आहे. भिंतीवरच्या त्या पोस्टरचा अर्थ मी इतकी वर्षं 'अपेक्षा ठेवू नको' एवढाच घेत होतो. त्यात 'अधिकार' हा शब्द आहे. तुझा हक्क कशावर चालतो? करण्यावर. चालणं आईच्या हातात आहे. किलो नाहीत. किलो तिच्या औषधांच्या, वयाच्या, झोपेच्या, वडील गेल्यानंतरच्या रात्रींच्या हातात आहेत. जे तिच्या हातात नव्हतं त्यावर मी सोनं लावलं. मग तिने उरलेला एकच मार्ग धरला, उपाशी राहिली.

सहाव्या अध्यायात सोळाव्या-सतराव्या श्लोकात स्पष्ट म्हणलंय, जास्त खाणाऱ्याला योग नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. सतराव्या अध्यायात तर याहून कडक आहे. जे शरीराला असं छळतात ते आत बसलेल्या मलाही छळतात, असं भगवंत म्हणतात. हे मी आईला वाचून दाखवलं नाही. मला तोंड नव्हतं. छळ तिने केला असेल, पण त्याचं टेंडर मी काढलं होतं.

आता लातूरकरांना मी आणखी एक गोष्ट सांगायला पाहिजे, कारण ती तुमच्याच गावची. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचं नाव महाराष्ट्रात कुणाला माहीत नाही? लातूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात ते प्राध्यापक होते. दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. मूळ प्रेरणा नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांची. 'दीक्षित की दिवेकर' म्हणून घराघरात भांडणं झाली, आमच्याकडेही झाली, आत्या दिवेकर पार्टीची. त्या वादात मला पडायचं नाही, कुठला आहार कुणाला चालेल ते ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी सांगावं. मला विचार करायला लावतो तो त्यातला पैशाचा भाग. व्याख्यान मोफत. सल्ला मोफत. व्हॉट्सॲप ग्रुप मोफत. देणारे बक्षीस देत नाहीत आणि घेणारे फी घेत नाहीत. तरी हजारो लोक महिनोन्महिने टिकले, आधीचे आणि नंतरचे रिपोर्ट स्वतःहून ग्रुपवर टाकत राहिले. सोडलेलेही भरपूर असणार, तो भाग आहेच. पण जे टिकले ते कशावर टिकले?

नांदेडला राहणाऱ्याला याचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. सचखंड गुरुद्वाराच्या लंगरमध्ये जाऊन बसा. माझ्या ओळखीचा एक पोरगा दर रविवारी तिथे भांडी घासायला जातो. आयटीतला पोरगा, घरी स्वतःचा कप विसळत नाही. त्याला तिथे ताटामागे पाच रुपये देऊ केले तर? मला वाटतं पुढच्या रविवारी तो येणार नाही. कारण पाच रुपये म्हणल्याबरोबर तो हिशेब करेल, आणि हिशेबात पाच रुपये फार कमी आहेत. फुकट असताना ते अमूल्य होतं.

इस्रायलमधल्या हैफा शहरात दहा पाळणाघरांवर झालेला एक अभ्यास २००० साली छापून आला, तो याच्या उलट बाजूने हेच सांगतो. पालक मुलांना न्यायला उशीर करायचे, म्हणून काही पाळणाघरांनी दंड लावला. उशीर कमी व्हायच्या ऐवजी वाढला, दुपटीच्या घरात गेला. आधी बाईंना ताटकळत ठेवल्याची लाज वाटायची, आता दंड भरला की मोकळे. आणि दंड काढून टाकल्यावरही उशीर पहिल्यासारखा कमी झाला नाही. लाज एकदा विकली की परत विकत मिळत नाही.

हे सगळं वाचून मी ठरवलं होतं की सरळ लिहून टाकायचं : पैसा वाईट, सत्संग चांगला, राम कृष्ण हरी. पोस्ट तयारही होती. पण मागच्या महिन्यात लातूरला गेलो आणि आईने माझी पोस्ट मोडली.

आई आता कॉलनीतल्या भजनी मंडळाच्या बायकांबरोबर सकाळी चालते. सात जणी. काटा नाही, सोनं नाही. मी म्हणलं, बघ, सत्संग! ती म्हणाली, "सत्संग कसला, दंड हाय की." म्हणजे काय, तर महिन्याच्या सुरुवातीला प्रत्येकीने तीनशे रुपये भिशीसारखे जमा करायचे. जी ज्या दिवशी येणार नाही तिचे दहा रुपये कापायचे. महिनाअखेर उरलेले पैसे परत, कापलेले अन्नदानाच्या डब्यात. म्हणजे अमेरिकेतल्या त्या तिसऱ्या गटाचीच पद्धत! कोणी शिकवली यांना? कोणी नाही. भिशी चालवणाऱ्या बायकांना पैसे लावणं-बुडणं आपण काय शिकवणार.

पण पुढे ऐका. त्यांच्यातल्या एक काकू दुसऱ्या महिन्यात म्हणाल्या, "माझे तीनशे अन्नदानाला घ्या, मला नाही जमत पहाटे." म्हणजे हैफासारखंच. दंड भरला, मोकळ्या. मी विचारलं, मग काय केलंत? आई म्हणाली, "काय करणार? पैसे घेतले. अन् दुसऱ्या दिवशी सहाला सगळ्याजणी तिच्या दारात जाऊन हाका मारल्या. पैसे दिलेस ते देवाचे, तू आमच्यात ये म्हणलं." काकू आल्या. रोज नाही येत, पण येतात.

मी बराच वेळ यावर विचार करतोय. दहा रुपये त्या सात जणींनाही बांधतात आणि माझं सोनंही आईला बांधत होतं. मग फरक कुठे पडला? एक तर त्यांचे पैसे येण्यावर आहेत, उतरण्यावर नाहीत. रक्कम इतकी लहान की तिच्यासाठी कुणी उपाशी राहणार नाही. चुकलेलं कुणाच्या पर्समध्ये जात नाही. हे सगळं खरं, आणि कुठल्या कंपनीला योजना करायची असेल तर एवढं तरी बघावं. पण मला टोचलं ते वेगळंच. काकूंचे पैसे बुडल्यावर त्या बायका दारात गेल्या. आईचा हिशेब चुकला तेव्हा दारात जायला मी नव्हतोच. मी महिन्यातून दोनदा येणारा काटा होतो. नांदेड-लातूर अंतर काही फार नाही. दर रविवारी येऊन तिच्याबरोबर चाललो असतो तर ते सोन्यापेक्षा स्वस्त पडलं असतं. पण त्याला वेळ लागतो. मी वेळ वाचवायला सोनं दिलं.

तेव्हा आजच्या श्लोकातला अर्थार्थी कोण, हे मला नीट सांगता येत नाही. आईला नातीच्या कानातलं हवं होतं, ते प्रेमच होतं. मला रिझल्ट हवा होता, तोही अंतर ठेवून. आणि अर्थार्थ्यालाही भगवंत उदार का म्हणतात, याचं मला कळलेलं कारण एवढंच की काही मागायला का होईना, तो कुणासमोर तरी येऊन उभा राहतो. मागणं सुटायचं तेव्हा सुटेल. उभं राहणं आधी. त्या काकू अन्नदानाला पैसे पाठवून घरी झोपल्या असत्या तर दंड बरोबर भरला गेला असता, हिशेब चोख. पण त्या दारात आल्या, ते हाका मारल्यामुळे.

तुमच्यापैकी कुणी घरात असं काही चालवत असाल, बाबांना स्टेप्समागे रुपये, भावाला जिम लावल्यावर बूट, तर बंद करा असं मी म्हणणार नाही. मला अजूनही वाटतं, सुरुवातीला आईला सोन्याने चालायला लावलं ते वाया गेलं नाही. साखरेचा चहा सुटला तो सुटलाच. फक्त ज्याला देताय त्याला चक्कर आली तर तो तुम्हाला सांगेल का, एवढं एकदा विचारून बघा. त्यालाच विचारा, मनातल्या मनात नको.

आईचं वजन आता किती आहे ते मला माहीत नाही. काटा आत्याकडे गेलाय, ती त्यावर गव्हाचं पोतं मोजते. तीन नाणी अजून बाळकृष्णाच्या मागेच आहेत. मी परत मागितली नाहीत, तिने दिली नाहीत, चौथ्याचा विषय कुणी काढत नाही. यावेळी रविवारी मी तिच्याबरोबर चाललो. दुसऱ्याच चकरीत मला धाप लागली. सात जणींपैकी एकीने माझ्याकडे वळून बघितलं आणि आईला विचारलं, "ह्याचे पण तीनशे घ्यायचे का?"

उद्याचं वाचन : अध्याय ७, श्लोक १७.

राम कृष्ण हरी.